दारव्ह्याच्या झेरॉक्सवाल्या भाऊंना, त्या जुन्या लॅपटॉपबद्दल

भाऊ, नमस्कार.

तुम्ही दुकान बंद करून नागपूरले गेले, नंबर बदलला, दोघातिघांना विचारलं पण कोणाजवळच नवीन नंबर नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून राहिलो. दारव्हा तालुक्यातलं कोणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही हे माहीत आहे. तुम्ही वाचलं तर ओळखालच.

२०१५ चा जुलै. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून माझा पाय मोडला होता, मांडीपर्यंत प्लास्टर, डॉक्टरनं तीन महिने सांगितले. पराटीत डवरणी आणि सोयाबीनमध्ये निंदण एकदमच आलं होतं, त्यामुळे घरचे सकाळीच डबे घेऊन वावरात आणि मी दिवसभर खाटेवर, बाजूला पाण्याचा तांब्या आणि वर टिनाचं छत. गावात तेव्हा नेट म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढलं तर दोन दांड्या, आणि मी तर अंगणातही जाऊ शकत नव्हतो. बाबांची तुमची ओळख सातबाऱ्याच्या झेरॉक्सपुरती. त्यांनी दुकानात सहजच सांगितलं असेल की पोरगं आजकाल बोलतच नाही. आणि त्या रविवारी तुम्ही चिखलातून मोटरसायकल काढत आमच्या घरी आले, पिशवीत एक जुना लॅपटॉप, बॅटरी पूर्ण मेलेली, वायर लावली तरच चालणारा, आणि सोबत एक पेनड्राइव्ह.

त्यात 'बॅटल फॉर वेस्नॉथ' होता. मी आधी विचारलं की हे चोरीचं आहे का, तर तुम्ही सांगितलं की हा गेम २००३ पासून जगभरची माणसं मिळून बनवतात, फुकटच आहे, कोणी कोणाला कॉपी करून दिला तरी चालते. मला तोपर्यंत गेम म्हणजे गाड्या पळवणं आणि गोळ्या मारणं एवढंच माहीत होतं. इथं तर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं, त्यावर उभे छोटे छोटे सैनिक, आणि खेळायचं आळीपाळीनं, माझी पाळी संपेपर्यंत समोरचा गुपचूप उभा. मी भराभर क्लिक करत होतो तेव्हा तुम्ही म्हणाले, "घाई काहून करून राहिला बे? तुह्यासाठीच थांबून हाय ना थो."

हे वाक्य मला तेव्हा किती लागलं ते तुम्हाला माहीत नसेल भाऊ. सगळं गाव माझ्याशिवाय पुढं चाललं होतं, पेरणी झाली, कॉलेजचे अ‍ॅडमिशन झाले, आणि माझ्यासाठी थांबलेली ही एकच गोष्ट होती. आणि आमच्या गावाला चालेल असा गेमही तोच, कारण लाइन कधी जाईल नेम नाही आणि लाइन गेली की लॅपटॉप तिथंच बंद, पण हा गेम प्रत्येक पाळीला आपोआप सेव्ह होते, लाइन आली की त्याच पाळीवरून पुढं सुरू.

पहिल्याच मिशनमध्ये कोनराडला, म्हणजे आपल्या बाजूच्या नायकाला, घेऊन वायव्येकडं निसटायचं असते, चारी बाजूनं ऑर्क नावाचे राक्षसी सैनिक येतात, आणि मी लढत बसायचो. तीनदा हरलो. पुढच्या रविवारी तुम्ही आले तेव्हा काही न बोलता स्क्रीनवर जिथं दिवस-रात्रीचं चित्र असते तिथं बोट ठेवलं. ऑर्कांच्या ग्रंट नावाच्या साध्या सैनिकाचा एक घाव दिवसा ७ चा आणि रात्री ११ चा, तोच ग्रंट, तीच तलवार. आपल्या बाजूचे एल्फ म्हणजे जंगलात राहणारे लोक, त्यांना दिवस काय आणि रात्र काय सारखंच, पण त्यांना झाडीत उभं केलं की ६०-७० टक्के वार हुकतात. म्हणजे सकाळी पुढं जायचं आणि अंधार पडायच्या आत झाडी धरायची. तो नकाशा मग मला आमच्या शिवारासारखा दिसायला लागला.

आणि ती ड्रुइड, एल्फांची वैदीण. शमन या खालच्या पायरीपासून तिला मोठी केली होती, चार-पाच मिशन सांभाळली, सगळ्यांच्या जखमा तीच भरायची. एका अर्धमेल्या ट्रोल राक्षसाला मारायच्या नादात मी तिला झाडीतून बाहेर काढलं, सपाट गवतावर, आणि वर रात्र. तीन ग्रंट आले, प्रत्येकाचे दोन वार, सहापैकी चार लागले आणि ती गेली. मी लगेच जुनी सेव्ह उघडायला गेलो तर तुम्ही माउसवर हात ठेवला. "राहू दे. गेली थे. आता तिच्याबिना कसं निघाचं थे पाय." मला खरंच रडू आलं होतं, तुम्ही पाहिलं आणि खिडकीकडं तोंड करून चहा पीत बसले, त्याबद्दलही आभार. मग एकेक जखमी सैनिक मागं नकाशावरच्या गावात नेऊन बसवला, तिथं थांबलं की पाळीला ८ हेल्थ भरते, असं करत करत ते मिशन निघालं. त्या संध्याकाळपासून मी कोणत्याच गेममध्ये मेलेला माणूस परत आणला नाही.

नंतर यवतमाळला होस्टेलवर असे बरेच गेम पाहिले. परग्रहावरच्या शत्रूंशी लढायचा २०१२ चा एक्सकॉम खेळलो, त्यात सैनिकांची नावं बदलता येतात, मी गावातल्या पोरांची ठेवली आणि मग एकालाही उघड्यावर पाठवायची हिंमत होईना, लागायची शक्यता ९५ टक्के दाखवली तरी गोळी हुकते त्यात. फायर एम्ब्लेममध्ये तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला आणि भाला तलवारीला, एवढ्या साध्या गोष्टीवर अख्खी लढाई उभी राहते, मला तो प्रकार फार आवडला. फायनल फँटसीची गोष्ट सुंदर पण जुन्या काही भागांत वेळेची पट्टी भरत राहते आणि शत्रू आपली वाट न पाहता वार करते, ते मला अजूनही पटत नाही. २०२३ चा बाल्डर्स गेट ३ एका मित्राकडं पाहिला, त्याला १५० जीबी जागा लागते, पण त्यात वीस बाजूंचा फासा गडगडत थांबतो तेव्हा सगळे श्वास धरून बसतात, अगदी आजी अष्टाचंगात चिंचोके टाकायची तेव्हा आम्ही बसायचो तसेच.

एक गोष्ट सांगायची राहिली. प्लास्टर निघालं त्याच वर्षी तुरीत रानडुकरं घुसत होती. बाबा जागलीला वावराच्या मधोमध माळ्यावर बसायचे, डुकरं धुऱ्यानं येऊन खाऊन जायची. मी म्हटलं, बाबा, ते नाल्यातूनच येतात, तुम्ही नाल्याच्या तोंडाशी बसा आणि मी बाभळीखाली बसतो, मधून जायला जागाच नाही राहत. वेस्नॉथमध्ये शत्रूच्या शेजारच्या घरात पाय पडला की थांबावंच लागते, तेच डोक्यात होतं. टॉर्च आणि टिनाचा डबा घेऊन आम्ही बसलो. त्या रात्री कळप नाल्यातूनच परत फिरला. बाबांनी विचारलं हे कुठं शिकला, मी म्हटलं झेरॉक्सवाल्या भाऊंच्या लॅपटॉपवर. ते खूप वेळ हसले. पाय मोडल्यापासून बाबा माझ्याशी असे पहिल्यांदाच बोलले, भाऊ, वावरातल्या माणसासारखे.

लॅपटॉप अजून चालते. चार्जर दोनदा बदललं, पेनड्राइव्ह आईच्या पेटीत आहे. त्यात एकाच लॅपटॉपवर आळीपाळीनं दोघं खेळायची सोय आहे, तुम्ही म्हणाले होते एकदा बसू, ते राहूनच गेलं. पोळ्याला या. एल्फ तुम्ही घ्या, ऑर्क मी घेतो, आणि पुरणपोळी होईपर्यंत कितीही वेळ विचार करा.