गरम नाही हो, कोमट!

मा. संपादक,
स.न.

तुमच्या प्रवासाच्या पानावर अधूनमधून कुठल्या ना कुठल्या डोंगरातल्या उष्ण झऱ्यावर लेख येतो. मी ते सगळे वाचते, कापून पण ठेवते, आणि प्रत्येकात एक वाक्य ठरलेलं असतं की या पाण्यात डुंबलं की संधिवात, त्वचेचे विकार, थकवा, सगळं पळून जातं. त्या एका वाक्यावर पत्र लिहायचं कित्येक दिवस मनात होतं, आता लिहितेय कारण मागच्या जूनमध्ये मी आणि माझी वहिनी अशा एका झऱ्यावर स्वतः जाऊन आलो. स्वित्झर्लंडमधलं बाड रागात्स. झ्युरिकहून कूर गावाकडे जी ट्रेन जाते त्या रस्त्यावर, तासाभराहून थोडं जास्त. ग्रुप टूरमध्ये एक दिवस मोकळा मिळाला होता आणि दोघींचे गुडघे कुरकुरत होते, म्हटलं बाकीचे घड्याळं-चॉकलेटं घेऊ देत, आपण स्पाला जाऊ.

टूर मॅनेजर म्हणाला की स्पामध्ये थेट जा, मागच्या दरीत बघण्यासारखं काही नाही, फुकट पाय दुखतील. नशीब की आम्ही त्याचं ऐकलं नाही.

कारण पाणी मुळात गावातलं नाहीच. ते येतं तामिना नदीच्या घळीतून, गावाच्या वर साधारण ४ किलोमीटरवरून. तिकडे खासगी गाडी नेता येत नाही, सीझनमध्ये छोटी बस असते नाहीतर नदीकाठच्या रस्त्याने चालत जायचं. आम्ही जाताना बसने गेलो आणि येताना उतार म्हणून चाललो. बस एका लांबलचक जुन्या इमारतीपाशी सोडते, ते जुनं स्नानगृह, १७०४ ते १७१८ मध्ये बांधलेलं, दोन्हीकडे सरळ उभे कडे आणि मधे ही एवढी मोठी इमारत. हिच्यात खोल्यांना ऊन तरी कधी मिळत असेल, हा प्रश्न वहिनीने लगेच विचारला (ती कुठेही गेली की आधी घर कुठल्या दिशेला आहे ते बघते). तिथून पुढे पायवाट, अर्धा किलोमीटरही नसेल, पण ते अंतर मी विसरणार नाही. नदीने चुनखडीचा खडक असा कापलाय की वरती दोन्ही कडे जवळजवळ एकमेकांना टेकलेत, भर दुपारी हिरवट अंधार, खाली पाणी नुसतं घोंगावतंय, त्या आवाजात एकमेकींचं बोलणं ऐकू येईना म्हणून शेवटी खुणांवर आलो. अंगावर स्वेटर असून गारठा. आणि मग डोंगरात एक छोटा बोगदा, त्यात दहा पावलं गेलं की चष्म्यावर वाफ! दुसऱ्याच ऋतूत शिरल्यासारखं वाटतं. तिथे तो झरा.

आता पाणी किती गरम? ३६.५ अंश सेल्सिअस. म्हणजे तुमच्याआमच्या अंगाइतकं. आमच्या ग्रुपमधले एक काका नंतर हे ऐकून म्हणाले, हे कसलं गरम, आमचा गीझर याहून बरा. काकांचा दोष नाही, आपण वाचलेलंच असतं ‘उकळतं पाणी’, ‘गंधकाचा वास’. इथे वास नाही, खनिजंसुद्धा खूप कमी, चवीला साधं पाणी. पण काकांना जे कमी वाटलं त्याच्यावरच या जागेचा सगळा इतिहास उभा आहे. पाणी याहून ५-६ अंश गरम असतं तर माणसाला त्यात फार वेळ बसणं कठीण झालं असतं. अंगाइतकं कोमट म्हणून लोक त्यात दिवसच्या दिवस बसायचे.

आणि खरंच दिवसच्या दिवस. झरा १२४०च्या सुमारास सापडला असं सांगतात, वरच्या फेफर्स नावाच्या ख्रिस्ती मठाच्या शिकाऱ्यांना घळीतून वाफ येताना दिसली म्हणे. रस्ता नव्हता, मग आजारी माणसांना कड्यावरून दोराने, टोपलीत बसवून खाली सोडायचे. डोळ्यांवर पट्टी बांधत असतील का हो? मी तर वरून खाली बघितलं असतं तर संधिवात विसरून घरी पळाले असते. एकदा उतरलं की वर येणं इतकं जिवावरचं की लोक पाण्यातच राहायचे, तिथेच खायचं, तिथेच डुलकी काढायची. इतकं भिजल्यावर कातडीचं काय होणार, अंगभर पुरळ यायचं, सोलवटायची. आणि त्याला लोक म्हणायचे की बघा, रोग बाहेर पडतोय! पुरळ आलं नाही तर उलट काळजी.

मला इथेच तुमचं ते ठरलेलं वाक्य आठवलं. पॅरासेल्सस नावाचा त्या काळचा मोठा वैद्य १५३५ मध्ये इथे होता, त्याने या पाण्यावर पुस्तिका लिहिली, त्याच्या नावाची पाटी घळीत आहे. इतकी शतकं इतक्या हुशार लोकांनी या पाण्यात रोग बरे करायची ताकद शोधली आणि पाणी बिचारं जवळजवळ साधंच. १८३८ मध्ये मठ बंद झाला, जागा झांक्ट गालेन प्रांताकडे आली आणि १८४० मध्ये पाइप टाकून पाणी खाली रागात्सला आणलं. त्यानंतर टोपली नको, दोर नको, लोक आरामात हॉटेलात उतरून अंघोळ करायला लागले. रागात्सचं नाव झालं ते तेव्हापासून.

दुपारी खाली स्पामध्ये गेलो. नियम भरपूर, आधी शॉवर, स्विमसूटच पाहिजे, त्यावर टीशर्ट-लेगिंग चालणार नाही. आणि सौनाच्या (घाम काढायच्या गरम खोल्यांच्या) भागात कपडेच चालत नाहीत, बाईपुरुष एकत्र, तिथे आम्ही दारावरची पाटी वाचून उलट्या पावली परत. बाकी कुंडं मस्त, आतून पोहत बाहेर उघड्यावर जाता येतं, समोर डोंगर.

आता गुडघ्यांचं. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पाणी आपल्याला उचलून धरतं, पायांवर शरीराचं जेमतेम दहावा हिस्सा वजन उरतं. म्हणजे माझ्यासारखी ७० किलोची बाई पाण्यात ७ किलोची होते, गुडघे का नाही आनंदी होणार! कोमटपणाने स्नायू पण सैल पडतात. मी पाण्यात चक्क उड्या मारल्या. पण वीस-पंचवीस मिनिटांनी पायऱ्या चढून बाहेर आले तर सगळे ७० किलो परत पायांवर आणि वर डोकं गरगरलं, कारण कोमट पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, बीपी खाली येतं आणि मी बीपीची गोळी घेते. वहिनीने धरलं म्हणून बरं, नाहीतर तिथेच बसले असते. हे तुमच्या एकाही लेखात वाचलेलं मला आठवत नाही. रात्री झोप इतकी छान लागली की काय सांगू, दोन दिवस गुडघे हलके पण होते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरी आल्यावर डॉक्टरांना सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या पाण्यात बरं वाटतं तेव्हाच व्यायाम करून घ्यायचा असतो, नुसतं बसून काय होणार. खरंच की, त्या घळीच्या वरच्या अंगाला वालेन्स गावात आज रिहॅबचं मोठं क्लिनिक आहे, तिथे पण पेशंटला नुसतं भिजत ठेवत नाहीत, फिजिओथेरपी करून घेतात.

तेव्हा जाऊ नका असं मी मुळीच म्हणत नाहीये, मी तर पुन्हा जाईन, आणि स्पा राहिला तरी चालेल पण घळ सोडणार नाही. फक्त लेख लिहिणाऱ्यांना एवढं सांगा की ‘सगळे रोग बरे होतात’ याच्या जागी पाणी किती अंश आहे ते लिहा, बीपी-हार्टवाल्यांनी डॉक्टरांना विचारून जा आणि पाण्यातून हळू उठा हे लिहा, आणि घळ कधी उघडी असते ते पण लिहा, कारण थंडीत वरून बर्फ-दगड पडतात म्हणून ती बंद असते, एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंतच जाता येतं. आमच्या ओळखीचे एक जोडपं डिसेंबरमध्ये एवढ्या लांब जाऊन बंद फाटकाचा फोटो काढून आलं, तो फोटो हवा असेल तर मागून पाठवते.

आपली नियमित वाचक