बातमीतले मधले तीन दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक बातमी होती. आठवीतला एक मुलगा घरातून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी परभणीच्या फलाटावर सापडला. मथळा होता, ‘मोबाइल काढून घेतल्याच्या रागातून घर सोडले’. शेजारच्या चौकटीत एका समुपदेशकांनी त्या मुलाला मोबाइलचे व्यसन जडल्याचे सांगून पालकांना पाच सूचना केल्या होत्या. मुलाचे नाव छापले नाही, एवढी काळजी आपण घेतलीत. पण गाव होते, शाळा होती आणि वडील कुठल्या सोसायटीत गटसचिव आहेत तेही होते. आमच्या भागात एवढ्या पत्त्यावर पोस्टमन मनीऑर्डर पोचवतो.

मी एकतीस वर्षे कॉलेजात मानसशास्त्र शिकवले. बातमी दोनदा वाचली. मोबाइल काढून घेतला शनिवारी आणि मुलगा गेला बुधवारी. रविवार, सोमवार, मंगळवार तो घरातच होता. जेवला का, शाळेत गेला का, कुणाशी बोलला? बुधवारीच का गेला? याबद्दल बातमीत अक्षर नाही, आणि निदान मात्र चौकटीत छापून मोकळे.

केस स्टडीची, म्हणजे आमच्या पुस्तकी भाषेत व्यक्ती-अभ्यासाची, सगळी मेहनत असल्या मधल्या दिवसांतच असते. आम्हा शिक्षकांकडूनही ती नीट करून घेतली जात नाही, हे आधी कबूल करतो. परीक्षेला जर्नल लागते आणि जर्नल झेरॉक्सच्या दुकानात मिळते. ‘कु. अबक, वय २१, घरचे वातावरण तणावाचे’ ही मुलगी आमच्या कॉलेजात अकरा वर्षे एकवीस वर्षांचीच होती. दर मार्चला तिला नैराश्य यायचे आणि एप्रिलमध्ये आम्ही तिला मार्क द्यायचो.

एकदाच एका विद्यार्थ्याने खरी केस आणली. गोष्ट जुनी आहे आणि ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. तालुका सांगत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, जात नाहीत असा तालुका तसाही शोधावा लागेल. त्याच्या भावकीतल्या एका सुनेला झटके यायचे. गाव म्हणायचे, बाहेरचे आहे. लिंबू झाले, अंगारे झाले, एका दर्ग्यावर पाच गुरुवार झाले. पोराने जर्नलमध्ये लिहिले, ‘कारण : अंधश्रद्धा’. मी ते खोडले. म्हणालो, अंधश्रद्धा हे गावाने लावलेल्या अर्थाचे नाव झाले, झटक्याचे कारण कसे होईल? जा, महिने विचारून ये.

तो महिने घेऊन आला. झटके सुरू व्हायचे दिवाळीनंतर, उसाच्या फडावर गेल्यावर. पौषात सगळ्यात जास्त. गुढीपाडव्याला माघारी आले की बंद. मला तर घबाडच मिळाले. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली, तान्हे पोर पाचटावर निजवलेले, नवऱ्याला ‘येत नाही’ म्हणायची सोय नाही. जे तोंडाने बोलता येत नाही ते शरीर बोलते, असा मी वर्गात दोन तास अर्थ लावला. पोरे गप्प बसून ऐकत होती. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला तास होता.

पाडव्यानंतर तिला सरकारी दवाखान्यात दाखवायला मीच सांगितले, पण केवळ रीत म्हणून. डॉक्टरांनी तिला सोडून सासूला विचारले, झोपेत कधी येतो का? सासू म्हणाली, “येतंय की. झोपंतबी येतंय. जीभ दाताखाली सापडती, अंथरूण वलं होतंय.” पुढे मेंदूचा आलेख काढला. मिरगी निघाली. गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या हंगामात एकच झटका आला.

मग फडावरच का यायचा? उसाची गाडी रात्री कधीही येते, ती भरायला उठावे लागते, आणि जागरणाने मिरगीचा झटका लवकर येतो. महिने बरोबर होते. माझा अर्थ चुकला होता. आणि पूर्ण चुकला होता असेही म्हणवत नाही, कारण डॉक्टरांनी ‘झोप पुरी घ्या’ असे लिहून दिले ते पाळायला उचल आड आली. ती बाई त्या वर्षीही गेली.

न पाहता, एकाच माणसाच्या सांगण्यावरून निदान करणारा मी काही पहिला नव्हे. फ्रॉइडने १९०९ मध्ये घोड्यांना भिणाऱ्या हान्स या पाच वर्षांच्या मुलावर मोठा निबंध लिहिला. त्या उपचारात मुलाला तो स्वतः एकदाच भेटला होता. बाकी सगळे मुलाच्या वडिलांनी टिपून कळवलेले, आणि वडील फ्रॉइडच्याच मताचे. आपल्या चौकटीतल्या समुपदेशकांना तर मुलगाही भेटला नव्हता आणि वडिलांच्या टिपणांचाही आधार नव्हता.

दुसरी केस मिरगीचीच. १९५३ मध्ये अमेरिकेत सत्तावीस वर्षांच्या एका तरुणाच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा आतला भाग झटके थांबावेत म्हणून काढला. झटके कमी झाले, पण नवे काही लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या कडेने पेन्सिल फिरवायला दिली. आमच्या प्रयोगशाळेतही हाच प्रयोग होता आणि पोरे हसून बेजार व्हायची, कारण हात भलतीकडेच जातो. त्या माणसाचा हात तीन दिवसांत सुधारला. तिसऱ्या दिवशीही हे आपण पूर्वी केले आहे, याची त्याला आठवण नव्हती. हाताची आठवण आणि प्रसंगाची आठवण वेगळी असते, ही शंका या एका माणसामुळे पक्की झाली. मग इतर रुग्णांवर वर्षानुवर्षे तपासणी झाली, तेव्हा ती पुस्तकात गेली. पन्नासावर वर्षे जगभरचे संशोधक त्याला ‘एच. एम.’ म्हणत. हेन्री मोलेसन हे नाव जाहीर झाले २००८ मध्ये, तो वारल्यावर.

आपल्याकडे फलाटावर सापडलेल्या पोराचे गाव, शाळा आणि बाप दुसऱ्या दिवशी छापून आले. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७४ प्रमाणे घर सोडून गेलेल्या मुलाची ओळख पटेल असा कुठलाच तपशील छापता येत नाही, शाळाही नाही. आपल्या वार्ताहरांना हे माहीत नसेल तर तसे सांगावे. माहीत असेल तर शाळेचे नाव कशासाठी लागले होते? आता तो पोरगा त्याच शाळेत जाईल आणि त्याला कुणी नावाने हाक मारणार नाही.

आमच्या गल्लीत एम.ए.ची एक विद्यार्थिनी राहते. तिला मी बातमीचे कात्रण दिले, गाव आणि शाळा काळ्या पेनाने खोडून, आणि म्हणालो, हा मुलगा समोर बसलाय असे समज आणि फक्त प्रश्न लिही. तिने फुलस्केपवर चौतीस प्रश्न लिहिले. सव्विसावा असा होता : ‘परभणीला कोण राहतं?’ चौतिसांपैकी दोनांची उत्तरे बातमीत सापडली. वय आणि इयत्ता.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई