विषय: 590 ऐवजी 598 मिमीची निघालेली भिंतीची पॅनेलं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या तक्रार केंद्राला केलेला पाचवा फोन आत्ता ठेवला. आता लेखीच देतो.

तुमच्या काँक्रीट पॅनेलची मापं तुम्हाला मी सांगायला नकोत. रुंदीत 600 मिमीचं मॉड्यूल, म्हणजे एका पॅनेलची सांध्यासकट जागा, त्यात 590 चं पॅनेल आणि 10 चा सांधा. याच हिशेबाने पाया, तुळया, खिडक्यांच्या चौकटी आधीच करून घेतल्या. पहिल्या गाडीतली पॅनेलं बिनबोभाट बसली. दुसऱ्या गाडीतली सगळी 598 ची निघाली. मी स्वतः प्रत्येकाला वर, मध्ये, खाली टेप लावला आहे. 8 मिमी किरकोळ वाटतील, पण दहा पॅनेलच्या ओळीत ते 80 होतात आणि दहावं पॅनेल बाहेर राहतं. बोल्टची भोकं सरकली ती वेगळीच.

यावर तुमचे तंत्रज्ञ म्हणाले, "साइटवर थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या." कसं? "ग्राइंडर मारा, एक कड घासून घ्या." कडेला सळई आहे, तिच्यावरचं काँक्रीटचं कव्हर गेलं की गंजेल, म्हटलं. "मग सांधा कमी ठेवा." 2 मिमीच्या फटीत सीलंट कसं भरायचं, उन्हात पॅनेल फुगलं तर जागा कुठे, असं विचारलं. थोडा वेळ शांतता, आणि मग, "सर, तुमच्या मिस्त्रींना सांगा, ही माणसं ठोकून-बिकून बसवतात." फोन स्पीकरवर होता. मिस्त्री शेजारीच उभे होते. त्यांनी हातातला ओळंबा खाली ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेले.

घासून, ठोकूनच बसवायचं तर प्रमाणित भाग घ्यायचे कशाला? साइटवर कापाकापी नको, राडारोडा नको, क्रेन ताटकळायला नको म्हणूनच घेतले. जगाच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे 7 ते 8 टक्के आहे, त्यामुळे ही गाडी भंगारात टाकायची कल्पनाही मला सहन होत नाही. बोल्टचे सांधे निवडले तेही इमारत कधी उतरवली तर हीच पॅनेलं दुसरीकडे लागावीत म्हणून. लंडनचा क्रिस्टल पॅलेस 1851 साली ठरावीक मापाच्या लोखंडी भागांतून आणि काचांतून उभा राहिला, पुढे उतरवून सिडनहॅमला नेला आणि 1854 मध्ये तिथे खुला झाला. घासलेलं पॅनेल मात्र ज्या फटीसाठी घासलं तिथेच बसतं.

पुन्हा सांगतो, 598. फरक सगळीकडे सारखा आहे, म्हणजे साच्याची बाजूची पट्टीच चुकीची लागली असणार. ती आधी तपासा, नाहीतर पुढची गाडीही अशीच येईल. ही पॅनेलं परत न्या, जिथे 598 चालेल अशा कामाला वापरा, आणि बदली पॅनेलं प्रत्येकाच्या मोजमापाच्या तक्त्यासह पाठवा. क्रेनचं वाया गेलेलं भाडं तुम्ही भरायचं आहे. सात दिवसांत हे झालं नाही तर वकिलामार्फत नोटीस येईल. याआधीच्या दोन इमारतींना तुमचीच पॅनेलं लावली, चार जणांना तुमचं नाव सुचवलं. त्या चौघांनाही हे पत्र पाठवतो आहे.

आणि तुमच्या तंत्रज्ञांनी मिस्त्रींची माफी मागावी. माझी नको, त्यांची.

एक ग्राहक