नाटकाची पदवी आणि सोळा अँपिअरचा प्लग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पदव्युत्तर प्रवेशांचे दिवस आहेत. नाट्यशास्त्राकडे वळणाऱ्या मुलामुलींना भरतमुनींपासून ब्रेख्तपर्यंत पुष्कळ वाचायला मिळेल, मिळायलाच हवे. पण नाटककार महेश एलकुंचवारांच्या या नागपूर शहरात नाटकावर बोलणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. वानवा आहे ती ‘लाइट कोण बघतंय?’ असे विचारल्यावर हात वर करणाऱ्यांची. प्रात्यक्षिकाचे गुण बहुधा अभिनयाला आणि जर्नलला जातात, आणि जर्नल मागच्या बॅचचे समोर ठेवून उतरवता येते.

महाविद्यालयाच्या सभागृहात भिंतीवर १६ अँपिअरचा सॉकेट असतो. १००० वॅटचा एक हॅलोजन दिवा २३० व्होल्टवर जवळपास साडेचार अँपिअर घेतो. म्हणजे तीन दिव्यांचे १३ अँपिअर, इथवर ठीक. चौथा लावला की मर्यादा ओलांडली. गंमत अशी की एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) तेव्हा लगेच पडत नाही. सहा दिवे, म्हणजे २६ अँपिअर असले तरी तो काही मिनिटे तग धरतो. तालमीत दिवे एकेक करून तपासले जातात, त्यामुळे सगळे सुरळीत वाटते. प्रयोगात लग्नाचा प्रसंग येतो, सगळे दिवे एकदम ‘फुल’ होतात, आणि मंगलाष्टकांच्या मधोमध अंधार. एमसीबी पडला नाही तर त्याहून वाईट: प्लगची पिन तापून काळी पडते, एक्स्टेन्शनची गुंडाळी न उलगडता वापरली असेल तर वायर आतल्या आत वितळते. म्हणून आठ दिव्यांचा भार तीन फेजवर, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारांवर, कसा वाटायचा, ध्वनियंत्रणा डिमरच्या (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) फेजवर का ठेवायची नाही (स्पीकरमधून गुरगुर येते म्हणून), हे पहिल्या सत्रातच वायरमनला वर्गात बोलावून शिकवले पाहिजे. विद्यार्थ्याने पॅनेल उघडू नये, पण पॅनेलमध्ये काय आहे ते त्याला कळले पाहिजे.

आता एलईडी पार (डब्याच्या आकाराचे रंगीत एलईडी दिवे) आले, भार कमी झाला, पण घोटाळे संपलेले नाहीत. लाल, निळा अशा प्रत्येक गोष्टीला बोर्डावर एक चॅनेल लागतो, आणि दिव्याचा पहिला चॅनेल म्हणजे त्याचा पत्ता. सात चॅनेलच्या दिव्याला पत्ता १ दिला तर पुढच्याला ८, त्यापुढच्याला १५. इथे चुकले की लाल हवा तिथे निळा लागतो. डीएमएक्सच्या (बोर्डाकडून दिव्यांना आज्ञा नेणाऱ्या केबलच्या) साखळीत माइकची केबल खपवली आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (साखळीचे टोक बंद करणारा रोधक) लावला नाही, तर दिवे मधेच उचक्या दिल्यासारखे लुकलुकतात. दोष ऑपरेटरला दिला जातो, बिचारा बोर्डाला हातही न लावता बसलेला असतो.

हॅलोजन आणि एलईडी एकत्र वापरताना आणखी एक गोष्ट हाताने करून पाहिल्याशिवाय समजत नाही. नटी स्टेजवरच्या बटणाला हात लावते, खोली अंधारते. साधा क्यू, म्हणजे ठरल्या क्षणी करायचा बदल. पण हॅलोजनची तार गरम असते, वीज गेल्यावरही क्षणभर तांबूस उजेड देत राहते. एलईडी मात्र कापल्यासारखा बंद होतो. प्रेक्षकाला खोली दोन टप्प्यांत विझताना दिसते. उपाय सोपा आहे: एलईडीला अर्ध्या सेकंदाचा फेड द्यायचा, म्हणजे तो हळूहळू विझवायचा. आणि ऑपरेटरने संहितेकडे नव्हे, नटीच्या बोटाकडे पाहायचे.

इथेच प्रॉम्प्ट बुकचा विषय येतो. आपल्याकडे प्रॉम्प्टर म्हणजे विंगेतून वाक्य पुरवणारा, एवढीच समजूत आहे. खरे प्रॉम्प्ट बुक म्हणजे संहितेच्या प्रत्येक पानासमोर एक कोरे पान आणि त्यावर पेन्सिलीने हालचाली, प्रकाश, ध्वनी, प्रॉपर्टी. पेन्सिलच, कारण तालमीत निम्मे बदलते. प्रकाशाचे क्यू आकड्यांनी, ध्वनीचे अक्षरांनी लिहिले तर ‘क्यू पाच’ ऐकून दोघे एकदम बटण दाबत नाहीत. ‘स्टँडबाय’ची खूण अर्धे पान आधी हवी, आणि ‘गो’ हा शब्द क्यूच्या क्षणाखेरीज हेडफोनवर कुणीही उच्चारायचा नाही. ‘गो म्हणू का?’ एवढ्यानेही पडदा पडू शकतो. तांत्रिक तालमीत संवाद गाळून क्यूमागून क्यू घ्यायचे असतात; दोन अंकी नाटकाला पूर्ण दिवस लागतो. आपल्याकडे तो दिवस बहुधा ‘रन-थ्रू’त, म्हणजे सबंध नाटक सलग करून पाहण्यात, जातो.

नेपथ्याबद्दल थोडक्यात. आठ बाय चार फुटांचे फ्लॅट (भिंतीसाठीच्या चौकटी), मांजरपाट, मागे टेकू आणि वजन हे सगळे करतात. मात्र दार आपटले की भिंत हलते, कारण टेकू बिजागरीच्या बाजूला दिलेलाच नसतो. शिवाय दार विंगेकडे उघडणारे आणि बिजागरी मागच्या अंगाला हवी, म्हणजे नट आत येताना प्रेक्षकांना पाठ दाखवत नाही. रंगभूषेचे म्हणाल तर नागपूरच्या मे महिन्यात स्पिरिट गमने (रंगभूषेच्या डिंकाने) चिकटवलेली मिशी दुसऱ्या अंकापर्यंत टिकवणे ही स्वतंत्र विद्या आहे: कातडी आधी कोरडी पुसा, गम लावल्यावर तो चिकटसर होईपर्यंत थांबा, मिशी मगच दाबा. ओल्या गमवर लावली तर घामाबरोबर गेलीच समजा.

हे सगळे शिकायला मोठे सभागृह लागत नाही. रेशीमबागेतल्या सुमारे दोन हजार आसनांच्या सुरेश भट सभागृहात विद्यार्थ्यांनी एकदा तरी उभे राहून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवून पाहावा, पण सराव वर्गाच्याच खोलीत, आठ दिवे आणि सहा फ्लॅटवर होतो.

आणि खरी कार्यशाळा तर विदर्भातच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला चार क्रेडिट आहेत. एका क्रेडिटचे ३० तास धरले तर १२० तास. हे तास कार्यक्रमात खुर्च्या लावून भरण्यापेक्षा झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रंगभूमीवर, भरावेत. दिवाळीनंतर होळीपर्यंत गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम असतो, म्हणजे दुसऱ्या सत्राचा मोठा भाग त्यातच येतो. संध्याकाळी गावात रंगमंच उभा राहतो, रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, दुसऱ्या दिवशी दुसरे गाव. एका रात्रीचे दहा तास धरले तरी बारा रात्रींत हिशेब पुरा. वीज कुठून घ्यायची, टांगलेल्या माइकखाली नटांनी कसे उभे राहायचे, थंडीत भिजलेला पडदा का अडकतो, हे तिथे दर रात्री नव्याने सोडवावे लागते. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहराने कौतुक केले. त्या रंगभूमीकडे शिकायला जाणे मात्र अजून अभ्यासक्रमात बसलेले नाही. अट एकच असावी: विद्यार्थ्याने नट म्हणून नव्हे, पडद्यामागे जायचे, आणि रोजच्या नोंदवहीवर मंडळीच्या व्यवस्थापकाची सही आणायची.

परीक्षेची पद्धतही बदलता येईल. परीक्षकाने प्रॉम्प्ट बुक मधेच कुठेही उघडावे, ते तयार करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रेक्षकांत बसवावे, आणि त्या पानापासून दहा मिनिटांचे नाटक दुसऱ्याने नुसत्या त्या वहीवरून चालवून दाखवावे. चालले तर वही लिहिणाऱ्याला गुण.

आपला,
एक रंगकर्मी वाचक,
धरमपेठ, नागपूर