टाच वळली, काकू!

ती. काकूंस,
सा. न.

तुम्ही लेकीकडे गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिला मोजा पुरा झाला. फोनवर सांगता आलं असतं. पण पुरुषमाणूस मोजे विणतोय म्हणून अख्खी सोसायटी हसून झालीय, तेव्हा आभारही सगळ्यांसमक्षच मानतो.

बारा नंबरच्या चार दुतोंडी सुया पहिल्यांदा हातात आल्या तेव्हा साळिंदर धरल्यासारखं वाटलं होतं. ४८ टाके, तीन सुयांवर सोळा-सोळा, चौथी विणायला. दोन सुलट, दोन उलट. दोन इंच झाल्यावर तुम्ही चष्मा पुसून म्हणालात, "गोल जोडताना पीळ पडलाय रे. उसव." मी म्हटलं, थोडासाच आहे. तुम्ही नुसता गुंडा पुढे केलात. दुसऱ्या खेपेला सुयांच्या सांध्यांवर शिडीसारख्या फटी पडायला लागल्या. "सुई बदलली की पहिले दोन टाके आवळून घे," एवढंच. फटी गेल्या.

पण खरे आभार टाचेचे. निम्म्या, म्हणजे २४ टाक्यांवर पट्टी विणली, दर ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवून. तिथवर ठीक. पुढे तुमच्या वहीत होतं: १४ विणा, दोनाचा एक करा, एक विणा, उलटं फिरा. ओळ अर्धी सोडून? मी कागदावर आकृत्या काढत बसलो (नोकरीची सवय). दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी तुम्ही कागदच काढून घेतलात: "लिहिलंय तसं विण, मग कळेल." विणलं. मागेपुढे फिरता फिरता २४चे १४ उरले, आणि सपाट पट्टीची वाटी झाली! मी ओरडलोच. तुम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजत होतात.

मग कडांचे बारा-बारा उचलून आणि पावलाच्या वरच्या बाजूचे थांबवून ठेवलेले २४ धरून ६२ झाले, घटवत पुन्हा ४८. बोटांकडचं तोंड तुमच्यामागे एकट्याने शिवलं. त्या शिलाईला किचनरचं नाव आहे म्हणे, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते तेच. त्यांनी कधी सुई धरली असेल असं वाटत नाही.

बाबा रात्री तो एकच मोजा घालून झोपतात. दुसरा टाचेपर्यंत आलाय, पण पहिल्याच्या पावलाच्या ओळी मी मोजल्याच नव्हत्या. लवकर या. आणि एक सुई सोफ्यात गेलीय. तुम्ही यायच्या आत शोधतो.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा विद्यार्थी