साहेब बदलले की वही बंद पडते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आरोग्य खात्यातल्या बदल्यांची यादी आपल्या अंकात आली की मी ती चष्मा लावून शेवटच्या नावापर्यंत वाचते. घरचे म्हणतात, आता तुझा काय संबंध? संबंध आहे. १९८७ साली मी आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे लसी-बाळंतपणं पाहणारी नर्स, म्हणून रुजू झाले, पुढे आरोग्य सहायिका झाले आणि २०१९ मध्ये निवृत्त झाले. बत्तीस वर्षांतली बरीचशी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आदिवासी तालुक्यात गेली. मुंबईला खात्याच्या खुर्चीत कोण बसलं याच्याशी डोंगरातल्या पाड्यावरच्या नर्सबाईला काय करायचंय, असं लोकांना वाटतं. पण वरची व्यक्ती बदलली की महिना-दोन महिन्यांत आमच्या मासिक सभेतले प्रश्न बदलायचे, आणि प्रश्न बदलले की आमच्या रजिस्टरातली उत्तरंही बदलायची. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एक काळ असा होता की सभेत पहिला प्रश्न यायचा, "बालमृत्यू किती?" ज्या बाईने चार सांगितले तिला सगळ्यांसमोर उभं करायचे. "तुमच्याच भागात कशी मरतात मुलं? कारणे दाखवा नोटीस घ्या." शेजारच्या उपकेंद्रावरच्या बाईने शून्य सांगितलं की तिचं कौतुक. पुढच्या महिन्यात सगळ्यांचेच मृत्यू कमी झाले. मुलं कमी मेली नव्हती. तासभर श्वास घेऊन गेलेलं बाळ "उपजत मृत्यू" म्हणून लिहिलं जात होतं, म्हणजे जन्मलंच मुळी मेलेलं, म्हणजे बालमृत्यूत धरायचं कारण नाही. मीही एकदा तसं लिहिलं. त्या बाळाची आई मला नंतर आठवडी बाजारात भेटायची आणि काही न बोलता हात जोडायची, कारण बाळंतपणाच्या रात्री मी तिच्याजवळ होते. ती नोंद मी आजही विसरलेले नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या बालमृत्यू मूल्यांकन समितीने वीस वर्षांपूर्वी सरकारला सांगितलं होतं की सरकारी नोंदींत दिसतात त्यापेक्षा प्रत्यक्षातले बालमृत्यू पुष्कळ जास्त आहेत. आम्हा खालच्या बायकांना त्यात नवीन काही वाटलं नाही. ते आकडे आमच्याच हातांनी कमी झाले होते.

मग एक जिल्हा आरोग्य अधिकारी आले. त्यांनी पहिल्याच सभेत सांगितलं की मृत्यू लपवला तर कारवाई, सांगितला तर नाही. नुसतं सांगून थांबले नाहीत. प्रत्येक मृत्यूमागे ते एकच विचारायचे, "ताप कधी आला आणि मूल दवाखान्यात कधी पोचलं, मधल्या वेळात काय झालं?" मधल्या वेळात काय काय होतं ते तेव्हा कागदावर आलं. नदीला पाणी होतं. गाडीचं डिझेल संपलं होतं. भगताकडे एक दिवस गेला. आई म्हणाली दवाखान्यात नेऊ, सासऱ्याने नाही म्हटलं. ग्रामीण रुग्णालयात नेलं तर तिथून जिल्ह्याला पाठवलं. त्या वर्षी आमच्या तालुक्याचे बालमृत्यू कागदावर वाढले. जिल्ह्याच्या बैठकीत त्यांना त्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं असणार, पण आमच्यापर्यंत त्यांनी ते येऊ दिलं नाही.

त्यांच्याच काळात आम्ही एक वही सुरू केली. आमच्याकडची निम्मी कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. जाताना पोटुशी बाया जातात, दोन महिन्यांचं बाळ जातं, लसीचा एक डोस झालेला आणि दुसरा राहिलेला असा जातो. शासनाच्या रजिस्टरात त्यांच्यापुढे "स्थलांतरित" असं लिहिलं की आमचं काम संपायचं. साहेब म्हणाले, संपत नाही. दसऱ्यापासूनच पाड्यावर बसून कोण जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर जाणार, त्याचा फोन नंबर काय, कोणत्या कारखान्याच्या भागात पाल पडणार, हे एका शंभर पानी वहीत लिहायचं. महिन्यातून एकदा मुकादमाला फोन करायचा. परत येतील त्या आठवड्यात घरी जाऊन मुलाच्या दंडाला फीत लावायची, कुपोषण तपासायला. पहिल्या वर्षी आम्हाला तो जाच वाटला. दुसऱ्या वर्षी त्याच वहीमुळे एका मुलीला वेळेत पोषण पुनर्वसन केंद्रात नेता आलं. परतल्यावर तिचा दंडघेर १०.८ सेंटीमीटर भरला होता. ११.५ च्या खाली गेला की मूल अतितीव्र कुपोषित. ती मुलगी जगली.

तिसऱ्या वर्षी साहेबांची बदली झाली. नवे आले ते चांगले होते, वाईट मुळीच नव्हते, पण त्यांना वरून दुसराच कार्यक्रम दिला होता आणि त्याचा रोजचा अहवाल हवा होता. वही पाहून ते म्हणाले, "ही शासनाच्या नमुन्यात नाही." त्यांचं खरं होतं. वही बंद पडली. दरवर्षी दिवाळीनंतर पाडे रिकामे होत राहिले आणि रजिस्टरात "स्थलांतरित" हा शब्द पुन्हा सुरू झाला.

म्हणून आज मला फक्त एकच गोष्ट मागायची आहे. राज्याच्या आरोग्य खात्याचं नेतृत्व ज्यांच्या हाती द्याल, त्यांना तीन वर्षं तिथून हलवू नका. मग ते आयुक्त असोत, संचालक असोत, नाहीतर जिल्ह्यातले अधिकारी असोत.

ही मागणी माझ्या मनची नाही, राज्याच्या कायद्यातच ती आहे. बदल्यांचं विनियमन करणारा २००५ चा कायदा अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर आला. त्यात स्पष्ट म्हटलंय की अखिल भारतीय सेवेतल्या अधिकाऱ्यांचा आणि गट अ, ब, क च्या कर्मचाऱ्यांचा एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा. मुदतीआधी बदली करायची तर कारणं लेखी नोंदवायची आणि वरच्या प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यायची. माझ्यासारख्या नर्सला तीन वर्षांच्या आत बदली मागायची झाली तर सासूच्या आजारपणाचे कागद जोडावे लागायचे. आणि आरोग्य सेवा आयुक्तपदावर, जे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या संचालकपदाला जोडलेलं पद आहे, तुकाराम मुंढे सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस आले आणि नोव्हेंबर संपायच्या आत गेले. त्यांचे निर्णय बरोबर की चूक यात मी पडत नाही. पण दोन महिन्यांत माणसाला जिल्ह्यांची नावं नीट पाठ होत नाहीत, कोणत्या तालुक्यात पावसाळ्यात गाडी जात नाही हे कुठून कळणार?

टिकून राहिल्याने काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. त्याआधी मराठवाड्यात कुपोषणावर काम केलेले व्ही. रमणी या सनदी अधिकाऱ्यांनी ते मिशन उभं केलं आणि सुरुवातीची वर्षं चालवलं. मूल पोटात आल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंतच्या हजार दिवसांवर लक्ष द्या, असा त्यांचा आग्रह होता, आणि अंगणवाडी व आरोग्य या दोन्ही खात्यांना एका टेबलाशी बसवायचं हा दुसरा. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात दिसलं की सहा-सात वर्षांत दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असणं, एक तृतीयांशाहून जास्त उतरलं होतं. सगळं श्रेय एका माणसाचं नाही हे मला कळतं, त्या वर्षांत गावागावात आशा कार्यकर्त्या आल्या, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. पण एकाच प्रश्नामागे वर्षानुवर्षं तोच माणूस होता, हेही खरं. पुढे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण ३५.२ टक्के आलं, त्याआधीच्या फेरीत ते ३४.४ होतं. उंचीच्या मानाने कृश मुलं दोन्ही फेऱ्यांत २५.६ टक्के. म्हणजे दर चार मुलांमागे एक. तोवर आपण तिथेच उभे होतो.

रमणी डॉक्टर नव्हते, म्हणून खात्याचा प्रमुख डॉक्टरच हवा असा माझा हट्ट नाही. संचालक मात्र सार्वजनिक आरोग्यात वाढलेला हवा. शस्त्रक्रिया उत्तम करणारा डॉक्टर साथीचा नकाशा वाचेलच असं नाही, ती वेगळी विद्या आहे. तामिळनाडूने हे फार पूर्वी ओळखलं. १९३९ चा सार्वजनिक आरोग्य कायदा त्यांच्याकडे आहे, सार्वजनिक आरोग्याचं वेगळं संचालनालय आहे आणि त्यासाठी घडवलेले, त्याच रांगेतून वर आलेले अधिकारी आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्याला अशा अधिकाऱ्यांचा वेगळा संवर्ग उभारायला सांगितलं, २०२२ मध्ये केंद्राने त्याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. आपल्याकडे अजून फाइलींवर "प्रभारी" आणि "अतिरिक्त कार्यभार" हे शब्द फिरत असतात. प्रभारी माणूस सही करतो, पण तो पुढच्या वर्षाचं काही ठरवत नाही. ठरवू शकतच नाही, त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं पुढच्या महिन्यात तो कुठे असेल.

आणखी एक गोष्ट खालून फार टोचते. आमच्या तालुक्यात एकाच मुलाचे तीन मालक. वजन-उंची अंगणवाडीची ताई घेते, ती महिला व बालविकास खात्याची. लस आणि औषध आम्ही देतो, आम्ही सार्वजनिक आरोग्य खात्याच्या. त्याची आई गरोदर असताना तिला एक वेळचं गरम जेवण मिळतं ते अमृत आहार योजनेतून, २०१५ पासून, आणि तो पैसा आदिवासी विकास खात्याचा. आरोग्याच्या आतसुद्धा दोन घरं: प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याखाली, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांखाली. एका महिन्यात अंगणवाडीच्या यादीत नऊ अतितीव्र कुपोषित मुलं आणि माझ्या यादीत चार, असं झालं. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी उंचीला वजन लावलं होतं, आम्ही दंडाला फीत. दोन्ही याद्या आपापल्या खात्याने वर गेल्या आणि वर त्या एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि त्या पाड्याच्या ताईने, एका दुपारी अंगणवाडीच्या ओट्यावर बसून दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा लक्षात आलं की मिळून अकरा मुलं होती, फक्त दोन दोन्हींत होती. अकराही मुलांना गरज होती. मंत्रालयात हे काम कोणाचं? एखाद्या खात्याच्या प्रमुखाने ते अंगावर घ्यायला हवं, आणि दुसऱ्या खात्याच्या सचिवाशी तसं नातं जोडायला सहा महिने पुरत नाहीत.

मला कोणी विचारलेलं नाही, तरी दोन गोष्टी सुचवते. ज्या अधिकाऱ्याला मुदतीआधी हलवाल त्याच्या बदलीची लेखी कारणं जाहीर करा, ती कायद्याने लिहिलेलीच असली पाहिजेत, मग दाखवायला काय हरकत? आणि जाणारा व येणारा असे दोघे निदान पंधरा दिवस बरोबर फिरू द्या. आम्ही एएनएम बायका उपकेंद्राचा चार्ज देताना थर्मामीटर, वजनकाटा, लस नेण्याचा डबा, अगदी स्टीलच्या किडनी ट्रेपर्यंत मोजून सही करून देतो. राज्याच्या आरोग्याचा चार्ज कधीकधी फोनवर दिला जातो.

नव्याने येणाऱ्या प्रमुखांनी पहिल्या महिन्यात एक रात्र एखाद्या दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्रावर काढावी, ताफा न नेता, एवढी माझी विनंती आहे. पावसाळ्यात आले तर उत्तम. बाळंतपणाला बाई रात्री दोनला येते, वीज गेलेली असते, गाडीच्या चालकाला दोन महिने पगार नसतो आणि तरी तो उठून येतो. ते पाहिलेला माणूस मासिक सभेत वेगळे प्रश्न विचारतो. मी तसे एक-दोन अधिकारी पाहिले आहेत, म्हणून खात्रीने सांगते.

आमची ती शंभर पानी वही शासनाच्या नमुन्यात नसल्यामुळे निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना तिची कोणी नोंद घेतली नाही. ती माझ्याकडेच राहिली. तिच्यात तीन हंगामांची एकशे सत्तर कुटुंबं आहेत, मुकादमांची नावं आहेत, कोण परत आलं आणि कोण नाही याच्या खुणा आहेत. फोन नंबर जुने झाले असतील. पण पाडे तेच आहेत, आणि दिवाळी झाली की माणसं अजून जातात. खात्यातल्या कोणाला ती हवी असेल तर मी स्वतः आणून देईन.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका