पहाटे चारची शिडी

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, वॉचमनची नाईट सोडा असं मी लिहीत नाही. ते तुम्ही ऐकणारही नाही. पण पहाटे चारला मोटर लावून टाकी भरली का हे बघायला लोखंडी शिडीवर चढता, तेवढं थांबवा.

तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान दिवसभरातलं सगळ्यात खाली असतं आणि झापडही तेव्हाच जड येते. सवयीने हे फारसं बदलत नाही, कारण सुट्टीला तुम्ही परत रात्रीच झोपता. सुट्टीनंतरची पहिली रात्र तर सगळ्यात वाईट. सकाळी सातला उठलेला माणूस रात्री बाराला 17 तास जागा असतो. तेवढ्या जागरणाने हालचाल जितकी मंदावते, तितकी रक्तात 0.05 टक्के दारू असताना मंदावते. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 आहे. माळकरी माणसाला दारूचा हिशोब सांगते आहे, माफ करा. पण म्हणूनच त्या दिवशी दुपारी साडेतीन ते पाच झोपायचंच. आई, तेव्हा कुकर लावू नकोस.

आता तोलाचं. आपण उभे राहतो ते डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि तळपाय-घोट्यांची जाणीव, या तिघांच्या भरवशावर. अंधारात डोळे कमी पडतात, जाड तळव्याच्या बुटात पाय बोथट होतात आणि तिघांचा मेळ घालणारा मेंदू पेंगत असतो. मग उभ्या उभ्या अंग जास्त डोलतं, आपल्याला कळतही नाही. पाय घसरला तर सावरायचं पाऊल उशिरा पडतं. तिशीत हा उशीर खपून जातो, सदुसष्टाव्या वर्षी नाही.

म्हणून मोटर रात्री अकराच्या आत किंवा सकाळी सहानंतर लावायची. सेक्रेटरींना टाकीत फ्लोट स्विच बसवायला सांगा, म्हणजे भरली की मोटर आपोआप बंद होईल आणि शिडीचं कामच उरणार नाही. केबिनच्या उजेडातून पार्किंगमध्ये जाताना भिंतीला हात लावून दोन मिनिटं थांबा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, वयाबरोबर आणखी जास्त. बॅटरी लांब नको, पुढच्या दोन पावलांवर मारा. जिन्यात एक हात कठड्यावर, म्हणजे काठी आणि बॅटरी एकाच हातात नको. काठी केबिनमध्येच राहू दे.

डुलकी घ्यायची मुभा असेल तर वीस मिनिटांचा गजर लावा. उठल्यावर पंधरा मिनिटं राउंड नाही. आधी अंथरुणाच्या काठावर बसा, तोंड धुवा, मग उभे राहा. बीपीच्या गोळीवर असताना झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. गोळीची वेळ मनाने बदलू नका, नाईट असते हे डॉक्टरांना सांगून विचारा. सर्दीची गोळी घेतली असेल तर तेही सांगा, तिने पेंग वाढते.

चहा रात्री दोनपर्यंतच. त्यातलं निम्मं कॅफिन पाच तासांनीही अंगात असतं, मग सकाळी नऊला झोप कशी लागणार?

आणि सकाळी स्कूटर नको. डोळे उघडे असतानाही मेंदू दोन-चार सेकंद झोपतो, नंतर आठवतही नाही. रिक्षाचे पैसे मी पाठवते.

आई, खिडकीला जुनी गोधडी लाव, दाराची बेल बंद ठेव आणि जेवायला म्हणून त्यांना बाराला उठवू नकोस. भाकरी गार झाली तरी चालेल.

तुमची,
छोटी